उसनी तबकडी

वस्तू उसनी नेण्याची आणि ती वेळेवर परत करण्याची रीत आमच्या गावात फार जुनी आहे. लग्नघरासाठी मोठी पातेली, विहीर उपसण्यासाठी दोरखंड, नाताळच्या गोठ्यासाठी शेजारच्या घरातली कापडी पडदी, असे काहीबाही एका घरातून दुसऱ्या घरात सदैव जात-येत असते. परत करताना भांडे रिकामे देऊ नये, त्यात चार केळी, मूठभर तांदूळ, निदान दोन फुले तरी घालावीत, असे आमची आई सांगत असे. अशा घरात वाढलेल्या आम्ही दोघा भावांनी एक उसनी वस्तू थोडीथोडकी नव्हे, चाळीस वर्षे स्वतःकडे ठेवली. वाचकहो, आजचे हे लेखन त्या वस्तूविषयी आहे. ती एक ग्रामोफोनची तबकडी होती. तिच्यावरील संगीतावर आमचे आजही अपार प्रेम आहे. परंतु प्रेम ही सबब होऊ शकत नाही, हे समजायला आम्हांला फार उशीर लागला.

वसई परिसरातील अनेक घरांप्रमाणे आमच्या आळीतही बोटीवर नोकरी करणारी माणसे होती. आमच्या घरापासून चौथ्या घरातले काका मालवाहू बोटीवर इंजिनाच्या खोलीत काम करीत. दहा-दहा महिने ते दर्यावर असत आणि सुट्टीवर आले की आळीला जणू सण असे. साबण, चॉकलेटे, टॉर्च या नेहमीच्या वस्तूंबरोबर एकदा त्यांनी अमेरिकेतील कुठल्याशा बंदरावरून एक तबकडी आणली. काकांना इंग्रजी बेताचेच येत होते. दुकानात तबकड्या चाळताना एका पाकिटामागील यादीत त्यांना ‘खलाशी’ आणि ‘कोळी’ या अर्थाचे दोन शब्द दिसले, आणि आपल्याच माणसांची गाणी असावीत अशा समजुतीने त्यांनी ती विकत घेतली. घरी येऊन लावली तेव्हा तिच्यात गाणेच नव्हते. एक माणूस, एक गिटार, आणि शब्द एकही नाही!

पाकिटावर काळ्या-पांढऱ्या रेषांत एका चमत्कारिक प्राण्याचे चित्र होते. त्याच्या पाठीवर कवच होते. आम्ही मुले त्याला खवले मांजर म्हणत असू. काकी मात्र ठामपणे त्याला कासव म्हणत. त्यामुळे त्या घरात त्या तबकडीचे नाव ‘कासवाची रेकॉर्ड’ असेच पडले. तो प्राणी अमेरिकेत आढळणारा आर्माडिलो होय आणि जगभरचे गिटारप्रेमीही त्या संग्रहाला लाडाने आर्माडिलोच्याच नावाने ओळखतात, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. म्हणजे काकींनी प्राणी चुकीचा ओळखला असला, तरी नाव ठेवण्याची त्यांची रीत अगदी बरोबर होती.

या संग्रहाचे खरे नाव ‘सिक्स अँड ट्वेल्व्ह स्ट्रिंग गिटार’ असे साधे आहे. वादक लिओ कोटके. १९४५ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील अथेन्स गावी जन्मलेला हा माणूस पुढे मिनेसोटा राज्यात स्थिरावला. जॉन फेही या दुसऱ्या एका थोर गिटारवादकाने १९५९ साली टाकोमा नावाची लहानशी ध्वनिमुद्रण कंपनी काढली होती. कोटकेने आपले वादन टेपवर भरून त्याच्याकडे पाठविले आणि १९६९ साली टाकोमाने हा संग्रह प्रसिद्ध केला. मिनियापोलिस शहरात एका दुपारच्या बैठकीत तो मुद्रित झाला, असे सांगतात. चौदा रचना, सगळ्या मिळून चाळीस मिनिटांहूनही कमी. पाकिटावरील टिपणात कोटकेने स्वतःच्या गाण्याच्या आवाजाची जी थट्टा केली आहे ती या पानांवर छापण्याजोगी नाही. पण आपण या तबकडीत का गायलो नाही याचे त्याने दिलेले ते प्रांजळ स्पष्टीकरण आहे, एवढे म्हणता येईल.

गिटार आम्हांला नवी नव्हती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मातृभाषेत आली, आणि आमच्या चर्चमधील गायनवृंदात पेटीशेजारी एक गिटारही येऊन बसली होती. पण ती गिटार ताल धरण्यापुरती. चार सूरसमूह शिकले की कोणतेही गीत निभावून जाई. कोटकेची तबकडी प्रथम ऐकली तेव्हा हे दोन वादक असावेत, कदाचित तीन, असे आम्हां दोघांनाही वाटले. एकच माणूस वाजवतो आहे यावर आमचा विश्वास बसेना.

त्यातले गमक पुढे हळूहळू ध्यानात आले. या वादनपद्धतीत उजव्या हाताचा अंगठा आणि बोटे यांची कामे वाटून दिलेली असतात. अंगठा खालच्या, जाड तारांवर खर्जाचे सूर एका लयीत धरून ठेवतो. तो थांबत नाही, घाई करीत नाही. त्याच वेळी इतर बोटे वरच्या, बारीक तारांवर धून गुंफत राहतात. रहाटाला जुंपलेला बैल आपल्या चालीने फिरत असावा आणि पाटातून पाणी मात्र वळणे घेत, खेळत, वाफ्यावाफ्यांतून धावत असावे, तसा तो प्रकार असतो. त्यातही बारा तारांच्या गिटारीची गंमत और. तिच्यात तारा जोडीजोडीने लावलेल्या असतात. वरच्या दोन जोड्यांतील तारा एकाच सुराच्या, तर खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा एका सप्तकाने उंच. त्यामुळे एक जोडी छेडली की दोन सूर एकदम उमटतात. कोटके ही गिटार नेहमीच्या पट्टीपेक्षा बरीच खाली उतरवून लावीत असे. म्हणून तिच्या खर्जाला चर्चच्या ऑर्गनसारखा भरदार घुमारा येतो.

संग्रहात नाना तऱ्हा आहेत. ‘बस्टेड बायसिकल’ ही मोडक्या सायकलीच्या नावाची रचना ऐकताना उतारावरून ब्रेक नसलेली सायकल सुटल्याचा भास होतो. ‘व्हॅसलीन मशीन गन’मध्ये तारांवरून नळी सरकवून सूर ओढलेले आहेत. ‘क्रो रिव्हर वॉल्ट्झ’ ही मिनेसोटातील एका नदीच्या नावाची, तीन मात्रांच्या ठेक्यातली धून आहे. ज्या नावामुळे काकांनी तबकडी घेतली, ती रचनाही आहे: गवताळ माळरानावरील खलाशाची कबर. समुद्रापासून शेकडो कोस दूर, माळावर पुरलेला खलाशी! काकांना हे नाव समजावून सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. पुढे म्हणाले, “बोटीवरचा माणूस कुठे निजेल हे कुणी सांगावे?”

आणि यादीत नवव्या क्रमांकावर बाख आहे. ‘जीझू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग’ या नावाने जगभर गाजलेली ही धून योहान सेबास्टियन बाख यांच्या १४७ क्रमांकाच्या कॅन्टाटातील आहे. मूळ भजनाची चाल योहान शोप यांची, सतराव्या शतकातली. बाख यांनी तिच्याभोवती तीन-तीन स्वरांची अखंड वाहती माळ गुंफली. लाइपझिग येथे २ जुलै १७२३ रोजी, पवित्र मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीच्या सणाला, ते संगीत प्रथम गायिले गेले. बाख लुथरपंथीय होते. तरीही मरियेच्या सणासाठी त्यांनी हे लिहिले, याचे आम्हांला नेहमी अप्रूप वाटत आले आहे. आपल्या उपासना पंचांगात भेटीचा हा सण २ जुलैवरून ३१ मेवर आणला गेला तो १९६९ साली. नेमक्या त्याच वर्षी मिनेसोटातल्या एका तरुणाने ती धून गिटारीवर उतरवली. हा केवळ योगायोग आहे. पण योगायोगांतही मनाला गोडी वाटते.

काकींची आवडती धून हीच होती. त्यांना बाख ठाऊक नव्हते आणि लाइपझिगही ठाऊक नव्हते. काका बोटीवर गेले की संध्याकाळचा रोझरी आटोपल्यावर त्या तबकडीची तेवढीच धून लावीत आणि पुन्हा पाकिटात घालून ठेवीत.

१९७९ च्या मे महिन्यात आम्ही ती तबकडी मागितली. काका मागेपुढे पाहत होते. काकीच म्हणाल्या, “द्या हो पोरांना. चर्चमध्ये वाजवतात, काही शिकतील.” मुदत ठरली पंधरा दिवसांची. आठवड्याने काकांना बोटीवर बोलावणे आले, ते निघून गेले, आणि पंधरा दिवस कधी संपले ते आमच्या लक्षात राहिले नाही. खरे सांगायचे तर लक्षात होते.

पुढच्या उन्हाळ्यात काका परतले आणि चौथ्या दिवशी दारात उभे राहिले. मागे काकी होत्या. “रेकॉर्ड ऐकून झाली ना रे?” त्यांनी हसून विचारले. त्या क्षणी आमच्यातला थोरला बोलून गेला, “काका, मुंबईच्या एका मित्राने नेली आहे. आणून देतो.” धाकट्याने मान डोलावली. तबकडी आतल्या खोलीत पलंगाखालच्या पेटीत होती. काका “बरं” म्हणाले आणि गेले. महिन्याभराने त्यांनी पुन्हा एकदा विचारले. आम्ही पुन्हा तेच सांगितले. त्यानंतर त्यांनी कधीही विचारले नाही.

असे आम्ही का केले? आम्ही चोर नव्हतो. दुसऱ्याच्या झाडाचा आंबाही आम्ही कधी विचारल्याशिवाय घेतला नव्हता. परंतु त्या वर्षभरात आम्ही रोज रात्री ती तबकडी ऐकली होती. सुई उचलायची, दोन सूर मागे ठेवायची, पुन्हा ऐकायचे, गिटारीवर शोधायचे, असे करीत बाखची धून आम्ही जवळजवळ बोटांत बसवली होती. तबकडी गेली असती तर ते शिकणे अर्धवट राहिले असते. दुसरी आणावी तर ती मुंबईच्या दुकानांतही आम्हांला दिसली नव्हती. आपल्याइतके हिच्यावर कुणाचेच प्रेम नाही, काकांना तर ती चुकून मिळालेली आहे, असे आम्ही मनाशी म्हणत असू. ज्याचे प्रेम अधिक त्याचीच वस्तू, हा आमचा न्याय होता.

प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप म्हणून आम्ही ते खोटे बोलणे सांगितलेही. फादरांनी शांतपणे विचारले, “वस्तू परत केली का?” आम्ही म्हणालो, करणार आहोत. म्हणजे आठव्या आज्ञेचे पाप सांगत असताना सातव्या आज्ञेचे पाप आम्ही मागच्या दाराने घरात ठेवून घेतले होते. पुढेपुढे ते सांगणेही थांबले. वर्षे उलटली की पापालाही घरच्या सामानाचे रूप येते. ते नजरेसमोर असूनही दिसेनासे होते.

थोरला चर्चमध्ये गिटार वाजवू लागला. धाकटा त्याला साथ करी. कम्युनियनच्या वेळी बाखची ती धून आम्ही वाजवली की लोक स्तब्ध होत. बाहेर आल्यावर पाठीवर थाप पडे. कुठे शिकलात, असे कुणी विचारले तर आम्ही म्हणत असू, ऐकून ऐकून. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते.

१९९१ साली काकी आजारी पडल्या आणि दोन महिन्यांत गेल्या. काका त्या वेळी घरी होते. अंत्यविधीच्या मिस्सात आम्ही तीच धून वाजवली. काकींना ती आवडते हे आम्हांला ठाऊक होते, आणि आपण काहीतरी मोठे देत आहोत असेही आम्हांला वाटले होते. काका पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते. त्यांनी एकदाही वर पाहिले नाही.

या मधल्या काळात कोटकेविषयी आम्ही जे मिळेल ते वाचीत गेलो. १९७१ साली तो कॅपिटॉल या मोठ्या कंपनीकडे गेला. त्याने पुष्कळ संग्रह काढले, त्यांत गायलाही. लहानपणी फटाक्याने त्याचा एक कान दुखावला होता आणि नौदलाच्या राखीव दलात असताना गोळीबाराच्या सरावाने दुसरा. तो काही काळ पाणबुडीवरही होता. अंगठ्यात आणि बोटांत नख्या चढवून, जोर लावून वाजवल्यामुळे पुढे त्याच्या उजव्या हाताचे स्नायुबंध दुखावले. १९८० नंतरच्या वर्षांत त्याने नख्या काढून ठेवल्या आणि नुसत्या बोटांनी, मृदूपणे वाजवण्याची रीत नव्याने शिकून घेतली. ज्या हाताने नाव मिळवून दिले त्या हाताची सवय मोडणे हे सोपे नाही. आम्ही त्याचे कौतुक करीत असू आणि स्वतःची एक सवय मात्र तशीच जपत असू.

२०१९ च्या पावसाळ्यात थोरल्याच्या मुलीने माळ्यावरची पेटी उघडली. तबकडीचे पाकीट हातात घेऊन ती खाली आली आणि म्हणाली, “बाबा, हे मागे कोणाचे नाव आहे?” कोपऱ्यात निळ्या शाईने काकांचे नाव, बोटीचे नाव आणि तारीख लिहिलेली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिने तोवर आपल्या मोबाईलवर तो सगळा संग्रह शोधून काढला होता. चौदाच्या चौदा रचना, एकही खरखर नाही. “आता ही जुनी तबकडी कशाला हवी?” ती म्हणाली.

त्याच आठवड्यात आम्ही ती परत करायचे ठरवले. वाचकहो, या निर्णयाचे श्रेय आम्हांला देऊ नका. जी वस्तू परत करण्यासाठी चाळीस वर्षे आमचे हात उचलले नाहीत, ती परत करणे ज्या दिवशी आम्हांला फुकट पडू लागले, त्याच दिवशी आम्हांला सद्बुद्धी सुचली.

आमचा जुना रेकॉर्ड प्लेअर मुंबईहून दुरुस्त करून आणला, नवी सुई बसवली, आईच्या शिकवणुकीप्रमाणे सुकेळ्यांचे एक पुडके घेतले आणि रविवारच्या मिस्सानंतर काकांच्या घरी गेलो. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. इंजिनाच्या खोलीतल्या वर्षानुवर्षांच्या आवाजाने त्यांचे कान गेलेले. यंत्र लावूनही मोठ्याने बोलावे लागते. आम्ही पाकीट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, चित्रावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “आले का कासव?”

थोरल्याने क्षमा मागण्यास सुरुवात केली. मित्राची गोष्ट खोटी होती, असे तो ओरडून सांगू लागला. कारण हळू सांगितलेले त्यांना ऐकू येत नव्हते. आपले पाप इतक्या मोठ्या आवाजात सांगण्याची पाळी आमच्यावर पूर्वी कधी आली नव्हती. काकांनी हात वर करून त्याला थांबवले.

“त्याच रात्री कळले होते. तुमच्या घरावरून येत होतो, खिडकी उघडी होती. माझी रेकॉर्ड मला ओळखू येणार नाही?”

“मग मागितली का नाहीत?” धाकट्याने विचारले.

“पुन्हा विचारले की नाही? वाटले, आता तरी खरे सांगाल.” थोडे थांबून ते म्हणाले, “तुमची काकी आजारी होती तेव्हा तिला ती धून ऐकायची होती. दोनदा म्हणाली. मी चप्पल घालून तुमच्या दारापर्यंत आलो होतो. पण तुम्ही पुन्हा खोटे बोलला असता, तर त्यानंतर मला तुमचे तोंड पाहवले नसते. म्हणून परत फिरलो. मग चर्चमध्ये तुम्ही वाजवलीत. तिला हवे होते तेच वाजवलेत. एक आठवडा उशिरा.”

हे त्यांनी रागाने म्हटले नाही. राग असता तर आम्हांला सोपे गेले असते. त्या दिवशी आम्हांला कळले की आम्ही एक तबकडी तेवढी ठेवून घेतली नव्हती; मागायला येण्याची त्या माणसाची वाटही आम्ही बंद केली होती. तबकडी परत देता आली. ती संध्याकाळ कुठून परत देणार?

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग काकाच म्हणाले, “लावा की आता. आणलेत तर ऐकू या.”

आम्ही दुसरी बाजू लावली. बाखची धून सुरू झाली, तेव्हा काका पुढे वाकले. आम्ही विचारले, ऐकू येते का? ते म्हणाले, “वरचे काही नाही येत. खालचे येते. तो अंगठा येतो.” मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्यांचे कान आधी उंच सुरांना गमावतात, खर्ज बराच काळ टिकतो. बोटांनी गुंफलेली ती वाहती माळ, जिच्यासाठी आम्ही खोटे बोललो, ती काकांपर्यंत पोहोचत नव्हती. त्यांच्यापर्यंत अंगठा तेवढा पोहोचत होता, न थांबणारा, न घाई करणारा. त्यांनी गुडघ्यावर बोटाने ठेका धरला. तो अचूक होता.

तबकडी संपल्यावर त्यांनी ती स्वतः पाकिटात घातली, लोखंडी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावले. किल्ली बंडीच्या खिशात टाकली. आम्ही प्लेअर उचलू लागलो, तर म्हणाले, “तो राहू दे इथे. व्याज समजा.” सुकेळ्यांतली दोन काढून त्यांनी आमच्या हातावर ठेवली. निरोप घेताना दारात म्हणाले, “पुढच्या रविवारी मिस्सानंतर या. मला सुई नीट ठेवता येत नाही.”

तेव्हापासून आम्ही जातो. मोबाईलवर तो संग्रह आमच्याजवळ अहोरात्र आहे, पण घरी तो ऐकावासा वाटत नाही. रविवारी काका किल्ली काढतात, धाकटा सुई ठेवतो, आणि आम्ही तिघे बसतो. काका अंगठा ऐकतात. वरचे सूर आम्ही ऐकतो, आणि धून कुठवर आली ते त्यांना मोठ्याने सांगतो.